तदमुर वाळूत गाडलं गेलं नव्हतं

पाल्मिराबद्दलचा, म्हणजेच तदमुरबद्दलचा, एक मजकूर गेली काही वर्षं पुन्हा पुन्हा फिरतो आहे, सोबत मावळतीच्या उन्हातल्या दगडी खांबांचा फोटो. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: सीरियाच्या वाळूच्या समुद्रात एक झरा होता, त्याच्याभोवती शहर वसलं. रेशीममार्ग तिथून जायचा म्हणून ते श्रीमंत झालं. तिथल्या झेनोबिया राणीने रोमला आव्हान दिलं, तेव्हा 273 साली रोमनांनी ते कायमचं संपवलं. मग ते वाळूखाली गेलं, युरोपीय प्रवाशांनी शोधून काढलं, आणि 2015 मध्ये उरलंसुरलंही नष्ट झालं.

मजकूर चांगल्या भावनेने लिहिला आहे, हे कळतं. पण त्यातलं जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचं किंवा अर्धवट आहे, आणि दर वेळी गाळली गेली आहेत ती तिथली माणसं.

वाळूपासून सुरुवात करू. तदमुर दमास्कसच्या ईशान्येला साधारण 215 किलोमीटरवर आहे. (तिथले लोक शहराला तदमुरच म्हणतात. हे नाव ‘पाल्मिरा’पेक्षा कितीतरी जुनं, इ.स.पू. अठराव्या शतकातल्या, युफ्रेटिसकाठच्या मारी या प्राचीन शहरात सापडलेल्या मातीच्या पाट्यांवर ते आहे.) भोवतालच्या मुलखाला ‘बादिया’ म्हणतात. हा खडकाळ, रुक्ष माळ आहे, वाळूच्या टेकड्यांचा प्रदेश नव्हे. उत्तरेला डोंगररांगा, दक्षिणेला मिठाचा विस्तीर्ण खार. पाऊस तुटपुंजा, पण तो पडला की माळावर गवत येतं आणि त्यामागोमाग मेंढ्यांचे कळप येतात.

झरा मात्र खरा. त्याचं नाव एफ्का. पाणी कोमट आणि गंधकाच्या वासाचं, पण त्यावर खजुराच्या आणि ऑलिव्हच्या बागा पिढ्यानपिढ्या उभ्या राहिल्या. आता ‘झरा होता म्हणून शहर झालं’ हे किती अपुरं आहे ते पाहा. या झऱ्याची देखरेख करायला खास माणूस नेमलेला असे. त्याची निवड यार्हिबोल देव करतो, अशी श्रद्धा होती आणि तसे लेख कोरलेले सापडले आहेत. 137 सालचा शहराचा जकातीचा कायदा ग्रीक आणि स्थानिक अरामी अशा दोन भाषांत दगडावर कोरलेला आहे. त्यात उंटाच्या ओझ्यावर किती, सुगंधी तेलावर किती, गुलामावर किती, असे दर तर आहेतच, पण शहरातल्या दोन झऱ्यांच्या वापराचीही रक्कम ठरवून दिली आहे: वर्षाला 800 दिनार. शहराच्या उत्तरेच्या डोंगराळ भागात नॉर्वे आणि सीरियाच्या संशोधकांनी केलेल्या पाहणीत जुनी खेडी, पाण्याची टाकी आणि बांध सापडले. पावसाचं पाणी वाहून जाऊ न देता ते अडवून, साठवून हा मुलूख राहण्याजोगा केला गेला होता. आणि एक गोष्ट तर आपल्या डोळ्यांदेखत घडली आहे: 1990 च्या दशकात एफ्का आटला. शहर तिथेच राहिलं, हजारो माणसं त्यात राहत होती.

आता ‘रेशीममार्ग तिथून जायचा’. हे वाक्य मला सर्वांत जास्त खटकतं, कारण त्यात शहराचं सगळं कर्तृत्व रस्त्याच्या नावावर टाकलं आहे. मेसोपोटेमियातून भूमध्य समुद्राकडे येणाऱ्या व्यापाऱ्याला युफ्रेटिस नदीच्या काठाकाठाने येता येत होतं. तिथे पाणी होतं, वस्ती होती. पण टप्प्याटप्प्यावर टोळीप्रमुख बसलेले आणि प्रत्येकाची वेगळी वसुली. तदमुरच्या लोकांनी माळ ओलांडून जाणारी वाट चालती केली: विहिरी, पहारेकरी, उंट, भटक्या टोळ्यांशी सलोखा. तांड्याला म्होरक्या असे. तांडा सुखरूप पोचला की व्यापारी वर्गणी काढून त्याचा, किंवा पदरचे पैसे खर्चून तांड्याला तारणाऱ्या धनिकाचा, पुतळा उभारत आणि खाली कारण कोरत. फोटोत दिसणाऱ्या त्या खांबांना मध्यावर पुढे आलेले दगडी टेकू दिसतात ना, ते या पुतळ्यांसाठी होते.

आणि हा व्यापार फक्त चीनच्या रेशमाचा नव्हता. रेशीम तिथल्या थडग्यांत सापडलं, हे खरं. पण मालाचा मोठा ओघ समुद्रातून येत होता: इराणच्या आखाताच्या टोकाला असलेल्या खारक्स बंदरातून, आणि त्या बंदरात आपल्या, म्हणजे भारताच्या, बाजूने. 157 सालच्या एका लेखात ‘स्किथिया’हून होनाइनू नावाच्या माणसाच्या जहाजातून परतलेले व्यापारी आभार मानतात. स्किथिया म्हणजे सिंधूच्या मुखाकडचा शकांचा मुलूख. त्याच शकांच्या क्षत्रपांचे (राज्यपालांचे) लेख आपण नाशिकच्या लेण्यांत पाहतो. अरबी समुद्रातल्या सोकोत्रा बेटावरच्या होक गुहेत तर पाल्मिराच्या लिपीतली 258 सालची लाकडी पाटी मिळाली, आणि त्याच गुहेच्या भिंतींवर पश्चिम भारतातल्या खलाशांनी ब्राह्मीत आपली नावं लिहून ठेवली आहेत. मराठी वाचकांपर्यंत पोचणाऱ्या मजकुरात हे नसावं, याचं वाईट वाटतं.

273 कडे येऊ. झेनोबियाच्या पराभवानंतर शहराने पुन्हा बंड केलं आणि रोमन सम्राट ऑरेलियनने ते निर्दयपणे मोडलं. तांड्यांचं वैभव परत आलं नाही, इथवर बरोबर. ‘कायमचं संपवलं’ मात्र नाही. तीस वर्षांच्या आत सम्राट डायोक्लेशियनच्या काळात तिथे रोमन लष्कराचा मोठा तळ बांधला गेला. 325 च्या निकायाच्या ख्रिस्ती धर्मसभेला तदमुरचा बिशप हजर होता. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने तटबंदी दुरुस्त केली. उमय्यद खलिफांच्या काळात त्या प्रसिद्ध खांबांच्या रस्त्यावरच दुकानांची रांग उभी राहिली. बाराव्या शतकात तुदेलाच्या बेंजामिन या ज्यू प्रवाशाने इथल्या मोठ्या ज्यू वस्तीची नोंद केली.

मग ‘वाळूखाली गेलेलं शहर’ शोधलं कुणी? 1678 मध्ये हलबचे (अलेप्पोचे) इंग्रज व्यापारी तिथे पोचले, 1751 मध्ये वुड आणि डॉकिन्स हे ब्रिटिश प्रवासी. त्यांना तिथे माणसं भेटली. बेल या देवाच्या मंदिराच्या आवारात अख्खं गाव नांदत होतं. इ.स. 32 मध्ये अर्पण झालेलं हे मंदिर पुढे चर्च झालं, मग मशीद, आणि इतकी शतकं वापरात राहिलं म्हणूनच इतकं शाबूत राहिलं. ते गाव तिथून उठवलं फ्रेंच अमलात, 1929 नंतर. घरं पाडली, लोकांना बाजूच्या नव्या वसाहतीत हलवलं. फोटोत जे निर्मनुष्य, गूढ अवशेष दिसतात, ती निर्मनुष्यता शंभर वर्षांचीही जुनी नाही.

शेवटचं, 2015. बालशमीन या देवाचं मंदिर, बेलचा गाभारा, विजयकमान, एलाहबेलचं मनोरा-थडगं, हे सगळं आयसिसने स्फोटकं लावून उडवलं. ही हानी भरून येणारी नाही. पण बेलच्या गाभाऱ्याचं भव्य दार उभं आहे, खांबांच्या रांगेचा बराच भाग उभा आहे, बाजारचौक आणि डायोक्लेशियनच्या तळाचे अवशेष आहेत. ‘सगळं संपलं’ म्हटलं की जे जपायचं आहे तेही हिशेबातून जातं.

त्या मजकुरात दगडांची यादी आहे. खालेद अल-असद यांचं नाव नाही. तदमुरमध्येच जन्मलेल्या या माणसाने चाळीस वर्षं तिथल्या पुरातत्त्व विभागाचं काम पाहिलं, आणि 18 ऑगस्ट 2015 रोजी, वयाची ऐंशी ओलांडल्यावर, त्यांची भर गावात हत्या झाली. अवशेषांना लागून असलेल्या नव्या गावाचाही उल्लेख नाही. तिथली घरं बॉम्बफेकीत पडली, आणि कितीतरी कुटुंबांनी पुढची वर्षं जॉर्डनच्या सीमेवर, रुकबानच्या छावणीत, मातीच्या खोल्यांत काढली.