शब्दाला ५० पैसे हा ‘बाजारभाव’ नाही

मराठी लिहिणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मुंबईत फ्रीलान्स मराठी कॉपीरायटिंगला, म्हणजे जाहिरातींचा मजकूर लिहिण्याला, शब्दामागे ५० पैसे हाच बाजारभाव आहे, घरबसल्या काम असल्याने खर्च काही नाही, नवख्यांनी पहिली कामं नावासाठी फुकट करावीत, पैसे तीन महिन्यांनी येणं ही या धंद्याची रीतच आहे आणि एआय आल्यावर भाव मागण्यात अर्थ नाही, असं त्यात आहे. नुकतीच लिहू लागलेली डोंबिवलीची एक मुलगी मला तो पाठवून विचारत होती, “ताई, हे खरं आहे का?” तिला फोनवर जे सांगितलं, तेच इथे लिहिते.

आधी शब्दाचा दर. दोनशे पानांचं मॅन्युअल भाषांतराला आलं तर शब्द मोजणं मी समजू शकते. जाहिरातीत मात्र शब्द कमी करणं हेच काम असतं. रेडिओच्या २० सेकंदांच्या स्पॉटमध्ये मराठीचे जेमतेम ४०-४५ शब्द बसतात. ५० पैशांनी त्याचे होतात वीस-बावीस रुपये.

मागे एका सराफाचं हिंदी स्क्रिप्ट माझ्याकडे आलं होतं. ‘इस अक्षय तृतीया, घर लाइए सोना.’ सोबत कुणीतरी केलेलं मराठी होतं: ‘या अक्षय्य तृतीयेला घरी आणा सोनं.’ व्याकरण ठीक, पण आपल्या घरांत असं कुणी बोलत नाही. त्या ओळीपाशी मी दोन दिवस अडले होते. मग आई दरवर्षी काय म्हणायची ते आठवलं: ‘गुंजभर का होईना, पण सोनं घ्यावं.’ भाव चढलेले असताना ‘गुंजभर का होईना’ ऐकलं की ज्याला फक्त एखादी नथ परवडते, त्यालाही दुकानाची पायरी चढायला संकोच वाटत नाही. क्लायंटने ती ओळ लगेच घेतली. मेसेजच्या हिशेबाने त्या तीन शब्दांचा मोबदला दीड रुपया.

मग दर लावायचा कसा? दिवसाचा काढा. समजा, घराला महिन्याला ५०,००० लागतात. लॅपटॉप, इंटरनेट, रेल्वेचा पास, आरोग्य विमा आणि आजारपणाचे बिनकमाईचे दिवस यांसाठी १५,००० धरा. ‘खर्च काही नाही’ म्हणणाऱ्यांना हे १५,००० दिसत नाहीत, कारण नोकरीत त्यातलं बरंचसं कंपनी उचलते. महिन्याचे २५ दिवस काम केलं तरी निम्मे दिवस काम मागण्यात, मीटिंगांत आणि बिलांमागे जातात. हाती १३ दिवस उरतात. एकूण ६५,००० भागिले १३, म्हणजे दिवसाला ५,०००, आणि दोन दिवस खाणाऱ्या स्पॉटचे १०,०००. तुमचे आकडे वेगळे असतील, रीत हीच ठेवा.

फुकट कामाबद्दल एवढंच म्हणेन, की नमुनेच हवे असतील तर आपल्या गल्लीतल्या खानावळीसाठी, आवडत्या दुकानासाठी स्वतःहून तीन जाहिराती लिहा आणि त्या दाखवा. पैसे घेऊन धंदा करणाऱ्याला फुकट लिहून दिलंत, तर पुढच्या वेळी तो फुकटातल्यांच्या यादीतच तुम्हाला शोधतो.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो ‘पैसे तीन महिन्यांनी’ या वाक्याचा. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ सांगतो की नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी ठरलेल्या मुदतीत, आणि ती मुदत कितीही लिहिली तरी ४५ दिवसांच्या आत द्यायचे. लेखी काहीच ठरलं नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. हा कायदा सेवा देणाऱ्यांनाही लागू आहे, म्हणजे एकट्याने काम करणारी लेखिकाही उद्यम नोंदणी (अशा उद्योगांची सरकारी नोंदणी) करू शकते. ती ऑनलाइन होते, शुल्क नाही. काम घेण्याआधीच करून ठेवा. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून आयकराचा नियमही आपल्या बाजूने आहे: मुदतीत पैसे दिले नाहीत, तर प्रत्यक्ष देईपर्यंत त्या कंपनीला तो खर्च वजावटीत धरता येत नाही. कंपनीच्या अकाउंट्स विभागाला हे चांगलं ठाऊक असतं. माझं एक बिल पाच महिने अडकलं होतं. उद्यम क्रमांक आणि हे दोन नियम लिहून मेल केला, आठवड्यात पैसे आले.

एक गोष्ट त्या मेसेजमध्ये नाही, पण हवी होती. रेडिओसाठी लिहिलेली ओळ पुढे होर्डिंगवर आणि पॅकेटवर जाते. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे हक्क लेखी आणि सहीनिशीच हस्तांतरित होतात, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. दोन-तीन शब्दांच्या घोषवाक्याला कॉपीराइट मिळणं मात्र अवघड असतं, म्हणून वापर कुठे आणि किती काळ ते कोटेशनमध्येच लिहायचं.

राहिला एआय. ‘मशीनने लिहिलंय, फक्त नजर फिरवा’ अशी कामं मलाही येतात. ‘घरी आणा सोनं’ छापाची वाक्यं त्यात ओळीने असतात, ती नव्याने लिहावी लागतात, आणि त्याचे पैसे मी तासावर घेते.

त्या मुलीला मी माझ्या कोटेशनच्या तळच्या चार ओळी पाठवल्या. तुम्हीही तशाच्या तशा उचला:

निम्मी रक्कम काम सुरू करण्याआधी.
दोन दुरुस्त्या याच दरात, तिसरीपासून वेगळे पैसे.
वापर फक्त वर लिहिलेल्या माध्यमात आणि मुदतीत.
उरलेली रक्कम बिलापासून ३० दिवसांत.