‘दोघांनाही होतो’ म्हणजे सारखाच होतो, असे नाही

किशोरवयीन मुलामुलींमधल्या लैंगिक छळाचा विषय निघाला की एक दावा हमखास पुढे केला जातो: हा त्रास मुलींइतकाच मुलांनाही होतो, म्हणजे दोन्हीकडून फिट्टंफाट आहे, तेव्हा त्याला छळ न म्हणता वयाची मस्करी म्हणावे.

‘आकडे सारखेच आहेत’ हा यातला पहिला आधार. अमेरिकन असोसिएशन ऑफ युनिव्हर्सिटी विमेन या संस्थेच्या १९९३ च्या सर्वेक्षणात ८५ टक्के मुलींनी आणि ७६ टक्के मुलांनी शाळेत असा अनुभव आल्याचे सांगितले होते, हे खरे. पण हा ‘कधी एकदा तरी’ आलेल्या अनुभवाचा आकडा आहे. एकदा कानावर पडलेला अश्लील शेरा आणि वर्षभर जिन्यावर मुद्दाम लावला जाणारा धक्का, दोन्ही त्यात एकच धरले जातात. त्याच सर्वेक्षणात, या प्रकारानंतर शाळेत जाऊच नये असे वाटल्याचे सुमारे एक तृतीयांश मुलींनी सांगितले. मुलांमध्ये हे प्रमाण सुमारे १२ टक्के होते. दप्तर छातीशी घट्ट धरून लांबच्या जिन्याने वर्गात जाणारी मुलगी ‘हो, झाले’ एवढ्याच खुणेने मोजली जाते. संस्थेच्या २०११ च्या अहवालात एकाच शालेय वर्षाचा अनुभव विचारला होता, तेव्हा तर प्रमाणही ५६ आणि ४० टक्के असे वेगळे निघाले.

‘फिट्टंफाट’ हा शब्द तर मुळातच चुकीचा आहे, कारण मुलांना छळणारे पुष्कळदा मुलगेच असतात. खेळाच्या तासाआधी कपडे बदलताना एखाद्याला ‘बायल्या’ म्हणून चिडवले जाते आणि तोही सगळ्यांबरोबर हसतो, कारण न हसणे हाच पुरावा ठरेल याची त्याला धास्ती असते. मुलांची बाजू घेतो म्हणणारा हा दावा त्या मुलाच्या त्रासालाही मस्करीच ठरवतो, याची मला सर्वाधिक चीड येते.

राहिला ‘मग तक्रार का करत नाहीत?’ हा प्रश्न. २०११ च्या अहवालानुसार छळ सोसलेल्यांपैकी जेमतेम ९ टक्के विद्यार्थ्यांनी शाळेतल्या मोठ्या माणसाला सांगितले. मुलींपैकी १२ टक्के, मुलांपैकी ५ टक्के. मुलीला ‘तूच काही केले असशील’ हे ऐकावे लागण्याची भीती असते आणि मुलाला ‘एवढेही सोसवत नाही?’ हे.