व्याह्यांसाठी एक बाटली

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात मी ३१ वर्षे गुळाचे सौदे पाहिले. रवा, म्हणजे गुळाची ढेप, फोडून कणी बोटांत चुरली आणि खडा जिभेवर ठेवला, की ऊस कसल्या रानातला आहे, गुळव्याने रस उकळायची काहील वेळेवर उतरवली की मध्येच एक डुलकी काढली, आणि गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून त्यात हायड्रॉस पावडर किती सढळ हाताने टाकली, हे मी डोळे मिटून सांगत असे. त्यामुळे 'पारख' या शब्दाविषयी माझ्या मनात जो काही अहंकार साठला होता, तो गेल्या जानेवारीत मद्याच्या एका दुकानात, काचेच्या कपाटासमोर उभा असताना, अवघ्या दहा मिनिटांत विरघळला.

निमित्त व्याह्यांचे होते. मुलीचे सासरे पुण्याचे, निवृत्त अभियंता, मितभाषी आणि जे काही बोलतील ते व्याकरणशुद्ध बोलणारे. लग्नानंतर प्रथमच ते चार दिवस आमच्याकडे मुक्कामाला येणार होते. आठवडाभर आधी मुलीचा फोन आला. "बाबा, रात्री जेवणाआधी ते एक पेग घेतात. पण फक्त सिंगल माल्ट हं. तुम्ही आपलं ते नेहमीचं आणून ठेवू नका." माझे नेहमीचे म्हणजे काय, तर वर्षातून दोनदा, एकदा गावच्या म्हाईच्या जत्रेला आणि एकदा एखाद्या मित्राच्या मळ्यात, स्टीलच्या पेल्यात सोडा ओतून आणि श्वास रोखून घेतलेले काहीतरी तपकिरी. आपल्याकडच्या स्वस्त व्हिस्कीत बहुतेक करून उसाच्या मळीपासून काढलेला मद्यार्क असतो आणि युरोपातल्या नियमांप्रमाणे तसला माल तिकडे व्हिस्की या नावाने विकताही येत नाही, हे मला तोवर ठाऊक नव्हते. दिवसभर ऊस विकायचा आणि रात्री पुन्हा उसाच्याच आश्रयाला जायचे, अशी माझी एकनिष्ठा होती.

'सिंगल' या शब्दाचा मला ठाऊक असलेला अर्थ ३० मिलिलिटर एवढाच होता. तेव्हा सिंगल माल्ट ही जर मुळातच सिंगल असेल, तर तिची अख्खी बाटली कशी असते, हा माझा पहिला प्रश्न होता, आणि तो मी बंगळुरूला नोकरी करणाऱ्या पुतण्याला फोनवर विचारला. पलीकडे बराच वेळ शांतता पसरली. नंतर तो मोठ्या संयमाने म्हणाला, "तात्या, सिंगल म्हणजे एकाच डिस्टिलरीतली. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव. बाकी धान्य नाही, दुसरीकडचा माल नाही."

हे एकदम समजले, कारण ते आमच्याच धंद्यातले निघाले. एकाच गुऱ्हाळाचा गूळ. मग तो दहा वेगवेगळ्या आदणांतला, म्हणजे दहा वेळा काहिलीत उकळलेल्या रसाचा, एकत्र केलेला असला तरी चालेल, पण शेजारच्या गुऱ्हाळाचा एक खडाही त्यात मिसळायचा नाही. दहा गुऱ्हाळांचा माल मिसळून एका चवीवर आणला, तर तो ब्लेंड. माल्टचेही कोडे उरले नाही. आमची आई नाचणी भिजवून, फडक्यात बांधून, मोड आणून, वाळवून, दळून आम्हा भावंडांना तिचे सत्त्व पाजत असे. तिने पुढची फक्त तीनच कामे केली नाहीत: आंबवले नाही, तांब्याच्या भांड्यातून ऊर्ध्वपातन केले नाही आणि ओकच्या पिंपात भरून ठेवले नाही. स्कॉटलंडच्या कायद्याने ते पिंपात निदान तीन वर्षे ठेवावे लागते आणि बाटलीत भरताना मद्यार्क ४० टक्क्यांच्या खाली चालत नाही.

पुतण्या रंगात आला होता. पिंपाच्या लाकडातून दरवर्षी थोडे मद्य हवेत उडून जाते, स्कॉटलंडच्या थंडीत साधारण दोन टक्के, तर बंगळुरूच्या उन्हात दहा टक्क्यांहूनही अधिक, आणि तिकडचे लोक त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात, असे त्याने सांगितले. मार्केट यार्डात यालाच तूट म्हणतात आणि ती मुनिमाच्या डोक्यावर बसते. देवदूतांच्या नावे खर्ची टाकण्याची कल्पना आमच्या एकाही मुनिमाला कधी सुचली नाही, याचे मला राहून राहून वाईट वाटले.

शेवटी त्याने उपदेश केला तो असा की, नवशिक्याने स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागातली, १२ वर्षांची, सौम्य बाटली घ्यावी. ग्लेनफिडिक, ग्लेनलिव्हेट अशी नावे पाहावीत. नाहीतर आपल्याकडची घ्यावी. बंगळुरूच्या अमृत डिस्टिलरीने २००४ साली आपली सिंगल माल्ट थेट ग्लासगोत नेऊन विकायला ठेवली होती आणि पॉल जॉन तर आपल्या शेजारी गोव्यातच तयार होते. हा उपदेश निर्मळ होता. मी तो कागदावर उतरवून घेतला आणि कागद घरी विसरून दुकानात गेलो.

दुकानात शिरण्याआधी मी रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे पाहिले. कोल्हापुरात माणूस तांबडा रस्सा चार वाट्या पितो ते छाती पुढे काढून सांगतो, पण बाटली घेताना मात्र कुणाच्या तरी औषधासाठी आल्यासारखा उभा राहतो. काउंटरवरच्या मुलाने आधी परवान्याचे विचारले. १९४९ च्या दारूबंदी कायद्यापासून आपल्या राज्यात पिणाऱ्याला परवाना लागतो आणि असल्या मद्यासाठी वयाची २५ वर्षे पूर्ण असावी लागतात. माझ्या डोक्याकडे एकदा पाहून त्याने वयाचा मुद्दा आपणहून निकालात काढला. तेवढ्यात आमच्या तालमीचे माजी वस्ताद आत आले. त्यांनी काहीही विचारलेले नसताना मी म्हणालो, "पाव्हणं यायचं आहेत." ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझ्याकडंबी."

"काका, पीटेड पाहिजे का नॉन-पीटेड?" मुलाने विचारले.

"पीठ नको, व्हिस्की पाहिजे," मी म्हणालो.

त्याने शांतपणे एक उंच खोका काढून समोर ठेवला आणि म्हणाला, "आयला."

मी चपापलो. आमच्या वेळी वडीलधाऱ्यांसमोर हा शब्द कुणी उच्चारत नसे, आणि वस्ताद तर हाताच्या अंतरावर उभे होते. पण मुलाने खोका वळवून अक्षरांवर बोट ठेवले. स्कॉटलंडच्या पश्चिमेला याच नावाचे बेट आहे. लिहिताना त्यात एक 'स' येतो आणि बोलताना तो गिळायचा असतो. त्या बेटावर झाडी कमी, म्हणून जव वाळवायला तिथले लोक पीट जाळत आले. हजारो वर्षे दलदलीत कुजून दबलेल्या शेवाळाची आणि झाडपाल्याची ती माती विटांसारखी कापायची, आपण शेणी रचतो तशी रचून वाळवायची आणि भट्टीत घालायची. तिचा धूर मोडांत शिरतो, आणि तो पुढे ऊर्ध्वपातनाला आणि पिंपातल्या वर्षांना पुरून उरतो. कपाटात त्या बेटाच्या आणखी बाटल्या होत्या. लाफ्रॉयग, ब्रुक्लाडी, बुन्नाहाव्हन अशी नावे वाचून दाखवताना मुलाची जी दमछाक झाली, ती पाहून आपल्या 'ळ'पुढे अडखळणाऱ्या परप्रांतीयांविषयी मला प्रथमच सहानुभूती वाटली.

मी मग माझी विद्या बाहेर काढली. बाटल्या उजेडाकडे धरून रंग पाहू लागलो आणि जी सर्वांत गडद ती सर्वांत मुरलेली, असा निवाडा देऊन टाकला. खात्री करून घ्यावी म्हणून पुतण्याला फोन लावला, तेव्हा कळले की पिंपात जाताना हे मद्य पाण्यासारखे स्वच्छ असते, रंग लाकडातून उतरतो, आणि तरीही सगळ्या बाटल्या एकसारख्या दिसाव्यात म्हणून वरून कॅरमेलचा रंग घालायला स्कॉटलंडचा कायदा परवानगी देतो. मी क्षणभर गप्प झालो. गुजरातच्या व्यापाऱ्याला पिवळा गूळ पाहिजे म्हणून हायड्रॉस घालणाऱ्यांना मी आयुष्यभर नावे ठेवली, आणि साहेबही शेवटी गिऱ्हाइकाच्या डोळ्यालाच विकतो हे मला साठीला आल्यावर समजले.

वयाच्या आकड्याचेही तसेच. बाटलीवरचे १२ हे आतल्या सर्वांत कोवळ्या मद्याचे वय असते, आणि काचेत भरल्यावर ते वाढत नाही. १२ वर्षांची आता घेऊन नातवाच्या मुंजीपर्यंत कपाटात ठेवावी आणि १८ वर्षांची म्हणून काढावी, असा जो एक बेत माझ्या मनात आकाराला येत होता, तो तिथेच संपला.

आता प्रामाणिकपणे सांगतो, तरीही मी वाचलो असतो. मुलाने एका हातात स्पेसाइडची आणि दुसऱ्या हातात आयलाची बाटली धरली आणि म्हणाला, "ही सौम्य आहे, कुणालाबी चालती. ही मात्र सगळ्यांना झेपत नाही काका." बास. कोल्हापूरच्या माणसासमोर हे वाक्य उच्चारून दुसऱ्या बाटलीकडे बोट दाखवायची गरजच उरत नाही. वस्ताद माझ्याकडे पाहत होते. मी चार आकडी रक्कम मोजली आणि जी झेपत नाही ती घेऊन घरी आलो.

नमुना तपासल्याशिवाय माल पुढे पाठवायचा नाही, हा अडतीचा नियम. म्हणून व्याही येण्याच्या चार दिवस आधी, रात्री साडेआठला, मी बूच काढले. स्वयंपाकघरातून पत्नी हातात कापूस घेऊनच धावत आली. "कुणाला लागलं?"

वास तसाच होता. टिंक्चर आयोडीन, जळके बँडेज आणि जुन्या सरकारी दवाखान्याची ओली फरशी. तिने खोका उचलून त्याच्यावरचे वर्णन मला मोठ्याने वाचायला लावले आणि मी जमेल तसे मराठीत सांगितले: समुद्री शेवाळ, राख, आयोडीन, चामडे, शेवटी मध. "चामडं हवं होतं तर चप्पल ओळीत नवी चप्पल आली असती," ती म्हणाली, "वरून मध चोपडून." मी एक घोट घेतला. दुपारी मिसळ झाली होती, संध्याकाळी ठेच्याबरोबर भाकरी झाली होती, आणि अशा जिभेवर मध कुठे लागावा? घसा तेवढा भट्टीसारखा पेटला. पुण्याच्या गृहस्थापुढे हे ठेवायचे या विचाराने मला रात्रभर झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मी दुपारचे तिखट वर्ज्य केले, जे आमच्या घरात यापूर्वी फक्त शस्त्रक्रियेनंतर घडले होते. पुतण्याने सांगितले होते की सोडा नको, बर्फ नको, साध्या पाण्याचे पाच-सहा थेंब टाका, म्हणजे वास उघडतो. पाण्याने मद्य पातळ होईल, उघडेल कसे, हे मला पटत नव्हते. पण २०१७ मध्ये स्वीडनच्या दोन संशोधकांनी संगणकावर मांडून दाखवले आहे, की थोडे पाणी मिसळले असता धुराचा वास देणारा ग्वायकॉल नावाचा रेणू पेल्यात पृष्ठभागाकडे सरकतो, म्हणजे बरोबर नाकाखाली. चमच्याने थेंब सोडले. पेला तळहातात धरून थोडा वेळ तसाच बसलो आणि मग नाक जवळ नेले.

दवाखाना गेला होता. त्याच्या जागी धूर होता, आणि तो धूर माझ्या ओळखीचा होता. लहानपणी मामाच्या गुऱ्हाळावर थंडीच्या पहाटे चुलवाणात चिपाडे कोंबली जात. बाहेर धुके, आत काहिलीतून वर येणारी गोड, जड वाफ, आणि गोणपाट पांघरून बसलेल्या माझ्या अंगाला लागलेला तो वास, जो शाळेत सोमवारी बाकावरच्या शेजाऱ्यालाही येत असे. घोट घेतला, तेव्हा जिभेच्या कडेला जे गोडसर लागले त्याला खोक्यावर मध म्हटले होते. तो मध नव्हता. काहील उतरवताना काठाला चिकटून जराशी करपलेली काकवी होती ती. मामा लाकडी उलथन्याने खरवडून आम्हाला देत असे. मी पत्नीला हाक मारली आणि नुसता वास घ्यायला लावला. तिने घेतला, थोडी थांबली, आणि म्हणाली, "आईच्या गावचा वास आहे. पण दवाखान्यावरून गेल्यासारखा." याहून नेमके वर्णन मी त्या खोक्यावरही वाचले नाही.

तिसऱ्या आणि चौथ्या रात्री मी नमुना पुन्हा तपासला. एका आदणावरून गुऱ्हाळाचा भाव ठरवू नये, हाही अडतीचाच नियम आहे.

व्याही आले. पांढरा रस्सा भुरकून झाला, अंबाबाईचे दर्शन झाले, रंकाळ्यावर फेरी झाली, आणि दिवेलागणीनंतर मी सरबताच्या संचातले दोन बरे पेले आणि ती बाटली त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा वर सरकवून नाव वाचले. त्यांच्या भुवया किंचित उंचावल्या, म्हणजे पसंती असावी. मग त्यांनी बाटली दिव्यासमोर धरली, जशी मी दुकानात धरली होती. फक्त ते रंग पाहत नव्हते.

"तात्यासाहेब, ही चार बोटे कमी आहे."

"देवदूतांचा वाटा," मी म्हणालो. "आपल्याकडे ऊन फार."

त्यांनी बाटली खाली ठेवली, खिडकीबाहेरच्या जानेवारीतल्या थंडीकडे पाहिले आणि मग माझ्याकडे पाहिले. "तो वाटा पिंपातून जातो. काचेतून जात नाही."

मी मान खाली घातली. आतून फोडणीचा चर्र आवाज आला.

"देवदूत कोल्हापूरचे दिसतात," ते म्हणाले आणि दोन्ही पेले माझ्याकडे सरकवून पाण्यासाठी चमचा मागू लागले.