गुळाच्या ड्रममध्ये मायकोरायझा वाढत नाही

पाऊस तोंडावर आला की वाळवा-तासगावकडच्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक मेसेज फिरायला लागतो. गेल्या आठवड्यात दाजींनी तो मला पाठवला आणि खाली विचारलं, "करू का?" मेसेज थोडक्यात असा: मायकोरायझाचं, म्हणजे पिकाच्या मुळात राहून त्याला अन्न आणून देणाऱ्या बुरशीचं, एक पाकीट आणा, 200 लिटरच्या ड्रममध्ये गूळ आणि बेसन घालून सात दिवस ढवळत राहा. वर पांढरी साय धरली की मायकोरायझा तयार. पिकाच्या मुळाशी ओतून आळवणी करा, डीएपी हे स्फुरदाचं (फॉस्फरसचं) खत कायमचं बंद. हवेतलं नत्रही हीच बुरशी देते, ऊस-हळदीपासून कोबीपर्यंत सगळ्यांना चालते आणि क्षारपड रानही सुधारते.

दाजींना फोनवर जे सांगितलं ते इथं सविस्तर लिहितोय. या बुरशीवर माझा जीव आहे, आणि असा मेसेज वाचून एकदा हात पोळलेला शेतकरी पुन्हा तिच्या वाटेला जात नाही.

आधी ड्रमचं बघू. उसा-हळदीच्या मुळांत राहणारी मायकोरायझा जिवंत मुळाशिवाय वाढूच शकत नाही. पानांनी तयार केलेली साखर आणि स्निग्धांश तिला मुळाच्या पेशीत बसून मिळतात. स्निग्धाम्लं स्वतः बनवायची सोयच तिच्याकडे उरलेली नाही. स्कॉटलंडच्या 40 कोटी वर्षांपूर्वीच्या दगडांतल्या वनस्पतींतही ती सापडली आहे, इतकी ही सोबत जुनी. ट्रायकोडर्मा ही दुसरी बुरशी गुळावर वाढते, तिला मेलेला पालापाचोळाही चालतो. दोन्हींची गल्लत इथंच होत असावी. तुम्ही ड्रममध्ये वाढवता ते यीस्ट आणि इतर जंतू. पाकिटातले मायकोरायझाचे बीजाणू (बुरशीचं बी) होते तेवढेच राहतात, आणि आंबलेल्या पाण्यात सात दिवस ठेवून त्यांचं भलं होत नाही. म्हणूनच हे जैवखत तयार करणारे कुंड्यांत मका, ज्वारी किंवा गवत वाढवून मुळांसकट माती वापरतात, नाहीतर प्रयोगशाळेत गाजराच्या जिवंत मुळांवर ही बुरशी जोपासतात.

पांढऱ्या सायीवरून तर काहीच ठरत नाही. पाचटाखाली पांढरं जाळं दिसलं की दाजीही मला फोटो धाडतात. ते पाचट कुजवणारे जीव; त्यांचं काम मोलाचं, पण ते मायकोरायझा नव्हेत. कॉलेजात आम्ही मक्याची कोवळी मुळं धुऊन कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात गरम करायचो. मूळ काचेसारखं आरपार झालं की शाई आणि व्हिनेगरमध्ये घालायचो. सूक्ष्मदर्शकाखाली पेशीच्या आत निळ्या रंगाचं इवलंसं झाड दिसायचं, बुंध्यापासून फांद्या फुटत गेलेलं. पीक आणि बुरशीची देवाणघेवाण तिथंच चालते. बाहेरून ते मूळ अगदी साध्या मुळासारखं असतं.

आता डीएपी. मेसेजमधला हा मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणून जास्त घातक. स्फुरद जमिनीत जागचा फारसा हलत नाही, आणि आपल्या काळ्या, चुनखडीच्या रानात तर तो कॅल्शियमशी बांधला जातो. मुळालगतचा एक-दोन मिलिमीटरचा पट्टा रिकामा झाला की मूळ उपाशी. बुरशीचे तंतू तो पट्टा ओलांडून काही सेंटिमीटर पुढं जातात, मुळावरचे केस शिरणार नाहीत अशा फटींत शिरतात आणि तिथला स्फुरद आणून देतात. आणून देतात, तयार करत नाहीत. डीएपीच्या 50 किलोच्या पोत्यात स्फुरद 23 किलो असतो, आणि बीजाणूंच्या पाकिटातून तेवढा यायचा नाही. रानात साठा नसेल तर ती आणणार कुठून? साठा भरपूर असेल, वर्षानुवर्षं पोती ओतलेली असतील, तर पीकच तिला मुळात फारशी जागा देत नाही. अशा रानात डीएपी कमी करता येतं, पण ते पाकिटामुळं नव्हे, आधीच्या साठ्यामुळं. म्हणून माती परीक्षणाच्या कागदावर उपलब्ध स्फुरदाचा आकडा बघितल्याशिवाय दाजींना मी ना पोतं सांगितलं, ना पाकीट.

हवेतलं नत्र? नाही. सोयाबीन-भुईमुगाच्या गाठींत ते काम रायझोबियम नावाचे जिवाणू करतात. मायकोरायझा मातीत असलेलं थोडं नत्र मुळापर्यंत पोचवते, इतकंच.

सगळ्या पिकांना चालते हेही खोटं. कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी ही मंडळी तिला जवळ करत नाहीत; पालक आणि बीटही तसेच. त्यांच्यावर घातलेला पैसा वाया. आणि सगळीकडे एकच बुरशी नसते. साताऱ्याच्या कास पठारावर आमरी फुलते, तिचं बी धुळीसारखं, त्यात अन्नच नाही. बुरशीनं भरवल्याशिवाय ते मातीत रुजत नाही, आणि भरवणारी बुरशी उसातल्या बुरशीहून वेगळ्याच कुळातली. शेजारी ओल्या कातळावर सीतेची आसवं डोलतात, त्यांना तर मूळच नाही.

क्षारपडीचं एका वाक्यात सांगतो: बुरशी पिकाला खारटपणा थोडा सोसायला मदत करू शकते, पण कृष्णाकाठच्या रानातलं मीठ निचऱ्याशिवाय बाहेर पडत नाही.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट मात्र दाजींना दोनदा बजावली. कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकात बेणं बुडवायचं आणि त्याच दिवशी वर मायकोरायझा टाकायची, असं करू नका. ते औषध तिलाही मारतं.

पाकीट वापरायचंच तर रोपवाटिकेत. रानात तिचे देशी भाऊबंद बहुधा आधीच असतात. पाचट न पेटवता खोडवा राखला, नांगरट कमी केली तर ते टिकतात. कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) ट्रेमध्ये मात्र एकही नसतो. दाजी यंदा उसाची एकडोळा रोपं, म्हणजे कांडीच्या एकेका डोळ्यापासूनची, घरीच करणार आहेत. ट्रे भरताना भुकटी डोळ्याच्या अगदी खाली, कोवळी मुळी तिच्यातूनच जाईल अशी घालायची, आणि त्या ट्रेला स्फुरदाचं विद्राव्य खत बेतानं द्यायचं, असं ठरलंय. दोन ट्रे भुकटीविना ठेवायचे. सहा आठवड्यांनी दोन्हींची मुळं मी निळी करून बघणार आहे.