सवय शरीराला नाही, जिवाणूंना

‘वारंवार अँटिबायोटिक घेतल्याने शरीराला त्याची सवय होते, म्हणून ते लागू पडत नाही,’ असा संदेश सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे. प्रतिकारक्षमता येते ती जिवाणूंमध्ये. त्यामुळे आयुष्यात एकही गोळी न घेतलेल्या माणसालाही असा जिवाणू गाठू शकतो.

ही क्षमता फक्त पुढच्या पिढीला मिळते असेही नाही. शेजारच्या जिवाणूलाही देता येते. लेडरबर्ग आणि टेटम या शास्त्रज्ञांनी १९४६ मध्ये ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूमध्ये जनुकांची अशी देवघेव दाखवली. त्यामागची यंत्रणा अफलातून आहे. रिलॅक्सेज हे प्रथिन प्लाझ्मिड या गोल डीएनएचा एक धागा ठरलेल्या जागी कापते आणि स्वतः त्याच्या टोकाला चिकटते. मग पेशीच्या आवरणात बसवलेले प्रथिनांचे यंत्र, टाइप ४ स्रावयंत्रणा, एटीपी हे पेशीचे ऊर्जा-इंधन खर्चून दोघांना पलीकडे ढकलते. दोन्ही पेशी आपल्याकडच्या धाग्याचा जोडीदार धागा नव्याने विणतात, म्हणजे देणाऱ्याचे काहीच कमी होत नाही! घेणारा वेगळ्या प्रजातीचाही चालतो. एकाच प्लाझ्मिडवर अनेक औषधांविरुद्धची जनुके असू शकतात.

अँटिबायोटिक अशा जिवाणूंच्या स्पर्धकांना मारून त्यांना रान मोकळे करून देते. म्हणून सर्दीसारख्या विषाणूजन्य आजारात ते घेऊ नये. डॉक्टरांनी दिलेले मात्र भीतीपोटी टाळू नये.