पिलांचा मुद्दा राहूनच गेला

लेख आवडला, पण जमैकन फळभक्षी वटवाघूळ आणि लाल डोळ्यांचा झाडबेडूक यांची तुलना 'दोघेही निशाचर, दोघेही मध्य अमेरिकेच्या जंगलातले' एवढ्यावरच आटोपलीत. खरी गंमत पिलांमध्ये आहे. वटवाघळाची मादी एका वेळी साधारण एकच पिल्लू देते आणि त्याला दूध पाजते. बेडकीण मात्र पाण्यावर झुकलेल्या पानावर ४० च्या आसपास अंडी चिकटवते आणि निघून जाते. अंडी बेवारस खरी, पण भलतीच सावध! एरवी ६-७ दिवसांनी फुटणारी, पण साप येऊन घोस ओरबाडायला लागला की त्या हादऱ्यांनी दोन दिवस आधीच फुटतात आणि बेडूकमासे टपाटप पाण्यात. जीवशास्त्रज्ञ केरन वॉर्केंटिन यांनी हे १९९५ मध्ये दाखवून दिलं. खाली मासे टपलेलेच असतात, म्हणजे आगीतून फुफाट्यात. पावसाच्या थेंबांच्या हादऱ्याला मात्र ही अंडी सहसा फसत नाहीत, हे मला त्याहून भारी वाटतं.

आणि हो, हे वटवाघूळ अंजिराच्या जातीचं फळ सहसा त्याच झाडावर खात नाही. तोंडात धरून दुसरीकडे नेतं, रस गिळतं, चोथ्याची गोळी थुंकतं. बिया त्यामुळेच दूरवर पोचतात. त्या बाबतीत किडे खाणारा बेडूक स्पर्धेतच नाही.