टोमॅटोचे बी घरी धरण्याविषयी: एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार.

घरच्या टोमॅटोचे बी धरण्याचा माझा सल्ला दिशाभूल करणारा आहे, असे आपण लिहिले आहे. आपली कारणे तीन आहेत: अशा बियांतून मूळ झाडासारखे झाड येत नाही, बियांबरोबर रोगही पुढच्या हंगामात जातात, आणि गर दोन-तीन दिवस सडत ठेवणे हा निव्वळ घाणेरडा प्रकार आहे. यांतले पहिले कारण निम्मे खरे आहे, आणि मूळ लेखात मी ते स्पष्ट करायला हवे होते.

मंडईतून आणलेला जाड सालीचा टिकाऊ टोमॅटो बहुधा संकरित, म्हणजे दोन वेगळ्या वाणांच्या संकरातून आलेला असतो. संकरित वाणाची पहिली पिढी एकसारखी दिसते, पण तिच्या बियांतून उगवणाऱ्या दुसऱ्या पिढीत मूळच्या दोन्ही वाणांचे गुण विखुरतात. मी स्वतः एकदा अशा बियांची बारा रोपे लावली होती. काहींना गोल फळे आली, काहींना लांबट, आणि मूळ झाड हंगामभर निरोगी असूनही दोन रोपे लीफ कर्लने (पाने मुरडणाऱ्या विषाणूजन्य रोगाने) पहिल्याच महिन्यात आकसली. बंगळूरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेचा ‘अर्का रक्षक’ हा वाण लीफ कर्ल, जिवाणूजन्य मर आणि करपा या तिन्हींपुढे टिकतो; पण तो संकरित असल्याने ती ताकद त्याच्या बियांच्या प्रत्येक रोपात उतरेलच असे नाही.

‘पुसा रुबी’, ‘अर्का विकास’ किंवा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे ‘धनश्री’ आणि ‘भाग्यश्री’ हे मात्र सरळ वाण आहेत, म्हणजे त्यांच्या बियांतून मूळ झाडासारखेच झाड येते, आणि त्यांना आपला आक्षेप लागू होत नाही. टोमॅटोच्या फुलात पुंकेसरांची नळी स्त्रीकेसराला वेढून असते. वाऱ्याने किंवा माशीने फूल हलले की त्याचेच पराग त्याच्याच कुक्षीवर पडतात. त्यामुळे काकडी-भोपळ्याप्रमाणे शेजारच्या वाणाशी भेसळ होण्याची धास्ती इथे फारच कमी असते.

रोगांबाबतची आपली काळजी रास्त आहे, पण सगळे रोग बियांतून येत नाहीत. लीफ कर्ल मुख्यतः पांढरी माशी पसरवते. मोझॅकचा (पानांवर फिकट-गडद हिरवे चट्टे पाडणाऱ्या रोगाचा) विषाणू आणि काही जिवाणू मात्र बियांच्या सालीवर टिकतात, म्हणूनच मी फळ निवडण्याआधी झाड निवडायला सांगतो. हंगामाच्या सुरुवातीपासून ज्याची पाने स्वच्छ राहिली आणि ज्याला फळेही भरपूर लागली, अशा झाडाला दोरा बांधून ठेवावा आणि त्याचीच झाडावर पूर्ण पिकलेली फळे बियांसाठी घ्यावीत. एखादे मोठे देखणे फळ रोगट झाडावर असेल, तर ते भाजीत घालावे.

गर आंबवण्याला आपण घाणेरडे म्हणता, त्याचे मला खरोखर वाईट वाटले, कारण या सगळ्या कामातला तोच भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. प्रत्येक बीभोवती बुळबुळीत आवरण असते आणि ते फळाच्या आत बी उगवू देत नाही. आपल्याकडच्या उष्ण हवेत थोड्या पाण्यात कालवलेला गर दोन दिवसांत आंबतो, ते आवरण सुटते, बियांवरचे काही जिवाणूही कमी होतात, आणि भरीव बी तळाशी बसून पोचट बी वर तरंगते. वास येतो हे खरे. भांडे गॅलरीत झाकून ठेवले की तो घरात येत नाही. तीन दिवसांपेक्षा जास्त मात्र ठेवू नये, नाहीतर बी भांड्यातच मोड धरते. नंतर ते गाळणीत धुऊन चिनी मातीच्या बशीत सावलीत वाळवावे. कागदावर पसरले तर चिकटते. पूर्ण वाळलेले बी हवाबंद डब्यात, कोरड्या आणि थंड जागी चार वर्षे सहज उगवते.

आपण पाकिटातून आणलेल्या बियांची रोपे लावली होती, असे लिहिले आहे. त्या पाकिटावर ‘एफ-१’ (म्हणजे संकराची पहिली पिढी) किंवा ‘संकरित’ असे छापलेले आहे का, हे कृपया पाहून कळवावे. छापलेले असल्यास त्या झाडांचे बी धरू नये, असेच मीही सांगेन.